पाटी आली की बोलायचं

व्हिडिओ लायब्ररीच्या काउंटरवर काही वर्षं काढली की गिऱ्हाईक पायरी चढतानाच त्याची तक्रार कळायला लागते. कपाळाला आठी असेल तर चित्र नाचत असतं. कॅसेट पिशवीत, पिशवी पदराखाली आणि नजर जमिनीवर असेल, तर मशीनने फीत खाल्लेली असते. आणि माणूस आल्याआल्या भांडायलाच उभा राहिला तर समजायचं, की मारामारी ऐन रंगात आलेली असताना मधेच कुणाच्या तरी बारशाचं शूटिंग सुरू झालंय. आधीच्या गिऱ्हाइकाने आमच्याच कॅसेटवर घरचा कार्यक्रम उतरवून घेतलेला असायचा आणि ती निमूटपणे परत केलेली असायची.

रत्नागिरीच्या बाजारात आमचं दुकान होतं. लग्नामुंजींचं शूटिंग आमचे हे करायचे. लायब्ररी, मशीनची दुरुस्ती आणि शूटिंगची काटछाट माझ्याकडे होती. हे कार्यावरून आले की कॅमेरा टेबलावर ठेवून आडवे व्हायचे, आणि तासन्‌तास चाललेली जेवणावळ बघणाऱ्याला सोसेल एवढी करायचं काम माझ्या गळ्यात पडायचं. व्हीसीआरचं झाकण उघडून, पान्हा-पेचकस घेऊन बसलेली बाई बघितली की नवीन माणूस हमखास विचारायचा, "मेकॅनिक कधी येतील?" मी म्हणायची, "जेवायला गेलेत, तोवर मी बघते." आणि मशीन चालू करून हातात द्यायची. मेकॅनिकची गाठ न पडताच पुष्कळ माणसं खुशीत घरी गेली.

आमच्या धंद्याची खरी वैरीण म्हणजे ओल. पुण्या-कोल्हापूरच्या धंदेवाल्यांना हे सांगून पटत नसे. पावसाळ्यात इकडे चपलेला बुरशी येते, चामड्याच्या पट्ट्याला येते, तशी कॅसेटच्या फितीलाही येते. खिडकीतून बघितलं तर आतल्या रिळाच्या कडेला पांढरी फुलं दिसतात. अशी कॅसेट मशीनमध्ये घातली की आतलं हेड, म्हणजे चित्र वाचणारा भाग, घाण होतं आणि मग त्या मशीनमध्ये घातलेली प्रत्येक कॅसेट बिघडते. त्यावर उपाय एकच. कॅसेट खोलायची, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या मऊ चामड्याच्या चिमटीतून सगळी फीत हाताने ओढून घ्यायची, वाऱ्यावर सुकवायची आणि परत गुंडाळायची. पोह्याचे पापड लाटण्याइतकंच कंटाळवाणं काम, पण मला ते आवडायचं. पालीच्या एका गुरुजींनी ओल लागू नये म्हणून घरच्या सगळ्या कॅसेटी तांदळाच्या पिंपात पुरून ठेवल्या होत्या. बुरशी लागली नाही, पण फितीबरोबर टोके, म्हणजे तांदळातले किडे, बाहेर यायला लागले. मी गुरुजींना कपाटात झिरोचा बल्ब पेटता ठेवायला सांगितलं, आणि तांदूळ निवडून घ्यायलाही सांगितलं.

केबल घरोघर आली तशी लायब्ररी आटत गेली. आम्हाला तारलं ते आखातातल्या माणसांनी. खाडीकाठच्या मोहल्ल्यांतले निम्मे पुरुष बहारीन, कुवेत, दोह्याला. घरच्या लग्नाला त्यांना येता येत नसे, मग लग्न कॅसेटवर त्यांच्याकडे जायचं. उलट तिकडून येताना ते व्हीसीआर आणायचे, आणि ते इथल्यासारखे नसायचे. टीव्हीच्या चित्राची आपल्याकडची पद्धत वेगळी, अमेरिकेची वेगळी. आपलं मशीन अमेरिकेची कॅसेट वाचू शकत नाही, नुसते पट्टे सरकतात. आखातातलं मशीन मात्र दोन्ही वाचायचं. त्याला मल्टिसिस्टिम म्हणत. हे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट या मशीनवर उभी आहे.

अठ्ठ्याण्णव साली, पाऊस संपता संपता, एक म्हातारे गृहस्थ असलाच एक व्हीसीआर टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून, दुकानात आले. ताठ उभे, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. जयगडच्या खाडीकाठी त्यांचं घर. सगळा जन्म मालवाहू बोटींवर काढलेला, शेवटी सारंग होऊन निवृत्त झालेले. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. गावात त्यांना नावाने कुणीच हाक मारत नसे. मीही त्यांना सारंगचाचाच म्हणू लागले.

"बाय, ह्याचा आवाज गेलाय बग," त्यांनी व्हीसीआर काउंटरवर ठेवला. "बाजा वाजतोय, माणसां तोंडां हलवतात, पन बोलणां काय येत न्हाय."

असा बिघाड मी आधी बघितला नव्हता. संगीत येतं आणि संवाद येत नाहीत, म्हणजे नक्की काय गेलं असेल, या विचाराने मी दुपारभर ते मशीन खोलून बसले. हेड पुसलं, वायरी बदलल्या. चित्र काळं-पांढरं होतं, पण मधेच सगळं निळं व्हायचं, मधेच केशरी. तेव्हा टीव्हीच्या रंगाचं बटण पिळून झालं. शेवटी कॅसेटच्या खोक्यावरचा इंग्रजी मजकूर वाचला आणि स्वतःचंच हसू आलं. तो मूकपट होता. त्यात बोलणं नव्हतंच कधी. मधूनमधून काळ्या पाटीवर पांढरी इंग्रजी अक्षरं यायची, तेच संवाद.

खोक्यावर बरंच काही लिहिलं होतं. हे जुने पट जगभर तुकड्यातुकड्यांनी पडलेले असतात. कुठे एक रीळ चांगलं, कुठे दुसरं. ते गोळा करून, पुसून, पूर्वीच्या वेगाने चालतील असे बसवून, रात्रीचा प्रसंग निळा आणि दिव्याचा केशरी असे मूळचे रंग पुन्हा चढवून या कॅसेटी काढल्या होत्या. कुणीतरी परदेशात बसून माझंच काम करत होतं, फक्त जास्त जपून. मला फार बरं वाटलं.

"चाचा, मशीन ठणठणीत आहे. ह्या सिनेमात कुणी बोलतच नाही," मी सांगितलं.

"कुनीच न्हाय?"

"कुणीच नाही."

"म्हंजे ज्याला ऐकू येतां त्यालापन ऐकू येत न्हाय?"

मी हो म्हटलं. त्यांनी टॉवेल उलगडला, व्हीसीआर पुन्हा गुंडाळला आणि म्हणाले, "मंग असली अजून मागवतो."

त्यांचा मुलगा साजिद बहारीनला होता. ती कॅसेट त्यानेच कुठल्याशा दुकानातल्या सेलमधून, कव्हरवर बोट दिसली म्हणून, बापासाठी उचलली होती. आता बापाने हुकूम सोडला. साजिद परदेशी दुकानांकडून मूकपट मागवू लागला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवू लागला. बघता बघता जयगडच्या खाडीकाठी, जिथे वीज दिवसातून दोनदा रुसते, तिथे दुरुस्त केलेल्या मूकपटांचा असा संग्रह उभा राहिला की मुंबईच्या शौकिनाने हेवा करावा. काचेच्या कपाटात झिरोचा बल्ब लावून मीच तो बसवून दिला होता. चाचांना नटनट्यांची नावं माहीत नव्हती आणि दिग्दर्शकाशी देणंघेणं नव्हतं. समुद्र असला की ते जास्त खूश, आणि तेव्हा टीकाही जास्त. "दोर उलटा बांधलान. ह्यो बोट बुडवनार." आणि खरंच ती बुडायची.

हे सगळं कशासाठी चाललंय ते मला कळलं, मी त्यांच्या घरी मशीनचं हेड साफ करायला गेले तेव्हा. चाची, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला हाताला धरून आत नेलं, पाटावर बसवलं, घावणे दिले, पण बोलल्या नाहीत. मी बोलत होते आणि त्या माझ्या ओठांकडे बघून मान हलवत होत्या. काही वर्षांपूर्वी त्यांचे कान हळूहळू गेले होते. साजिदने कानातलं यंत्र पाठवलं होतं, ते शिट्ट्या मारायचं म्हणून डब्यात पडलं होतं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो केवढा येतोय हे कळेना, लोक वळून बघायला लागले, तेव्हापासून त्यांनी बोलणंच टाकलं होतं. मोहल्ल्यातल्या लग्नांना जाणं टाकलं, आणि टीव्ही बघणंही.

चाचा मला म्हणाले, "मी उबा जनम बोटीवर. वर्स वर्स घरी न्हाय. हितं आयलो की म्हयनाभर, परत चालतो. मनात म्हनायचो, एकदा कायमचा घरी आयलो की हिला सगळां सांगेन. आनि मी आयलो तर हिचे कान गेले."

पूर्वी ते बंदरातून तिला आवाजाच्या कॅसेटी पाठवायचे. पत्र लिहिण्यापेक्षा टेपरेकॉर्डरपुढे बसून बोलायचं, अशी तेव्हा आखातात आणि बोटीवर सर्रास पद्धत होती. त्या कॅसेटी चाचींनी रुमालात बांधून ठेवलेल्या होत्या. आता त्यांना त्याही ऐकू येत नव्हत्या.

दुपारची नमाज झाली, खिडकीच्या फळ्या लावल्या आणि दोघं शेजारी शेजारी वेताच्या खुर्च्यांवर बसली. मी मागे स्टुलावर. पट सुरू झाला. दीपगृहावरच्या एका माणसाची गोष्ट होती. जरा वेळाने काळी पाटी आली, तशी दोघांनी पडद्यावरून नजर काढली आणि एकमेकांकडे तोंड केलं. चाचांचे हात वर गेले. बोट वर करून फिरवलं, पालथा पंजा खाली दाबत आणला, मूठ मिटली, पोटावर घडा असल्यासारखं काहीतरी केलं. चाचींनी भुवई उंचावली, चाचांनी परत केलं, चाची पदर तोंडाला लावून हसल्या. पाटी गेली. दोघं परत समोर बघायला लागली.

पाटीवर एवढंच होतं, की तीन वर्षं लोटली.

मी नंतर विचारलं, "चाचा, त्यावर काय लिहिलंय ते तुम्हाला वाचता येतं?"

"मला सही येती आनि बोटींची नावां वाचता येतात. बाकी काय न्हाय."

"मग चाचींना सांगितलंत काय?"

"आमच्या बोटीवर एक पोटल्या भंडारी होता. वादळात खिमा घिऊन जिन्यावरनं पडला. त्याचां सांगितलां."

म्हणजे पडद्यावरची गोष्ट राहिली पडद्यावर. प्रत्येक पाटीला चाचा आपल्या खलाशीपणातलं एकेक पान चाचींना सांगत होते. समोर दीपगृह दिसलं की त्यांना एखादं बंदर आठवायचं, स्वयंपाकघर दिसलं की भंडारी, म्हणजे बोटीवरचा आचारी. जे घरी आल्यावर सांगायचं म्हणून साठवून ठेवलं होतं ते त्या काळ्या पाट्यांत चाललं होतं. चाचीही सांगायच्या. ते नसताना साजिदला गोवर आला तेव्हाचं, विहीर खणली तेव्हाचं.

खुणांबद्दलही त्यांनीच समजावून दिलं. बोटीवर माल चढवायचा-उतरवायचा तो विंचने, म्हणजे दोराने ओझं उचलणाऱ्या यंत्राने. विंच चालवणारा वर बसलेला असतो, माल जातो खाली खणात, म्हणजे बोटीच्या पोटातल्या कोठारात. त्याला खण दिसत नाही. आवाजही पोचत नाही. खणाच्या तोंडाशी सारंग उभा राहतो आणि हाताने सांगतो. बोट वर करून फिरवलं की हबेस, म्हणजे उचल. बोट खाली करून फिरवलं की आरिया, म्हणजे सोड. पालथा पंजा हळूहळू दाबला की आस्ते. मूठ मिटली की बस. "विंचवाल्यानं खाली वाकून बगायचां न्हाय. त्यानं फकत माज्या हाताकडं बगायचां. नजर हलली की माणूस मेला." या चार खुणा बोटीवरच्या, बाकीच्या पुष्कळ दोघांनी घरी तयार केलेल्या होत्या.

परतीच्या एसटीत मी एकटीच हसत होते आणि डोळेही पुसत होते. माझ्या संसारात दोघांचेही कान शाबूत, आणि दिवसभरात आमचं बोलणं काय, तर चार्जर कुठे ठेवलास.

अशी चार-पाच वर्षं बरी गेली. मग मशीनने मान टाकायला सुरुवात केली. आखाती व्हीसीआरचं हेड झिजलं की नवं मिळत नसे. मुंबईच्या बाजारात विचारलं तर लोक माझ्याकडे पुरातन वस्तू मागितल्यासारखं बघायचे, कारण तोवर सगळे सीडीवर गेले होते. त्यातच एका पावसात झिरोचा बल्ब उडाला, कुणाच्या लक्षात आलं नाही आणि अर्ध्या कॅसेटींना पांढरी फुलं आली. साजिद सुट्टीवर आला होता. तो कॅसेटी आणि मशीन दोन्ही घेऊन दुकानात आला. समजूतदार, कष्टाळू मुलगा. बापासाठी जिवाचं रान करणारा.

"वहिनी, ह्या सगळ्या सीडीवर करून द्या. मशीन मेलं तर अब्बांचं सगळंच जाईल."

मी म्हटलं, "करते. फीत धुऊन, मशीनला जेवढा दम आहे तेवढ्यात उतरवून घेते."

"आणि ते मधले इंग्लिश बोर्ड काढून टाका. दोघांपैकी कुणाला वाचता येत नाही. उगाच सिनेमा अडतो."

मला ते अगदी पटलं. आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही तर त्या खुर्च्यांच्या मागे बसून सगळं बघितलं होतं. बघितलं होतं. पण धंद्याची नजर म्हणून एक असते. काटछाट करणाऱ्याला पडद्यावर काही हलत नसलं की हात शिवशिवतात. आशीर्वादाच्या रांगा, भटजींचे खोकले, रिकाम्या खुर्च्या कापण्यात माझं आयुष्य गेलेलं. हलणारं चित्र म्हणजे सिनेमा, थांबलेलं म्हणजे भरताड, हे माझ्या अंगात मुरलेलं होतं. आम्ही तेव्हा नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. रात्रंदिवस खपून मी फिती धुतल्या, पट उतरवले आणि सगळ्या पाट्या अशा सफाईने काढल्या की सांधा दिसू नये. दीपगृहाचा पट कसा सरळ धावू लागला. शेवटच्या कॅसेटीबरोबर मशीनच्या हेडनेही राम म्हटला. तेव्हाच्या कॉम्प्युटरात जागा टीचभर, म्हणून सीडी निघाल्या की मूळ उतरवलेलं पुसून टाकायचं, हा दुकानाचा रिवाज होता. सगळ्याच कॅसेटी साजिदने भंगारात दिल्या, घरी सीडी प्लेअर बसवून दिला आणि तो बहारीनला गेला.

महिना-दीड महिन्याने चाचा आले. हातात सीडीचं पाकीट.

"बाय, ह्यो पिच्चर पळतोय."

मूकपट चुकीच्या वेगाने लावला की माणसं तुरुतुरु धावतात, हे मला माहीत होतं. मी सीडी लावली. वेग बरोबर होता. माणसं शांतपणे चालत होती.

"कुठे पळतोय, चाचा?"

"पळतोय," ते म्हणाले आणि खाली बघू लागले. एवढा मोठा माणूस, वादळात खलाशांवर ओरडणारा, त्या दिवशी माझ्यासमोर शब्द शोधत उभा होता. "तू ये एकदा घरी."

मी गेले. त्याच खुर्च्या, तेच स्टूल. पट सुरू झाला. चाचींनी एका प्रसंगाला मान वळवली आणि भुवई उंचावली. चाचांनी हात वर केले. पण पडद्यावर पुढचं सुरू झालं होतं, म्हणून त्यांची खूण पुरी होण्याआधीच चाची तिकडे वळल्या. तिथे कोण कुठे गेलं कळेना, म्हणून परत चाचांकडे बघितलं, तर ते पडद्याकडे बघत होते. असं तीनदा झालं. मग चाची उठल्या आणि आत जाऊन भांडी घासायला लागल्या. ऐकू न येणाऱ्या माणसाची भांडी फार वाजतात. चाचा समोर बघत बसले. दीपगृहाची गोष्ट कुठेही न अडता चालली होती.

"रोज असांच," ते म्हणाले. "आता ती बसतच न्हाय."

मी लगेच रिमोट उचलला. "चाचा, हे बटण दाबलं की चित्र थांबतं. पाहिजे तेव्हा थांबवा."

"थांबवून बगितलां. मी थांबवला तर ती खुनेनं काय म्हनती, माजे कान गेले म्हनून तुला खोळंबा. रडायला लागली. पाटी यायची तवा पिच्चर आपनच थांबायचा. ज्याला ऐकू येतां त्याच्यासाठी, न्हाय येत त्याच्यासाठी, सगल्या दुनियेसाठी थांबायचा. तिच्यासाठी थांबतोय असां न्हवतां वाटत."

आतल्या भांड्यांचा आवाज चालूच होता. त्या बाईने बोलणं एकदा टाकलेलं होतं. आता खुणाही टाकल्या तर या घरात दोन माणसं एकमेकांशेजारी नुसती म्हातारी होत जाणार, हे मला लख्ख दिसलं. चाचांना मी म्हटलं, मी पाट्या परत घालते. मूळ पाट्या माझ्याकडे कुठेच उरल्या नव्हत्या, पण ते सांगायची गरज पडली नाही. ते म्हणाले, "लिवलेलां नको. कोरी चालंल."

दुकानात येऊन मी कोऱ्या काळ्या पाट्या घातल्या. मूळच्या काळ्याच होत्या ना. आठवड्याने चाचांचा निरोप आला, की पहिली पाटी येताच चाचींना वाटलं लाईट गेली, त्या उठून मीटर बघायला गेल्या. शिवाय खिडक्या लावलेल्या खोलीत काळ्या पाटीवर चाचांचे हात दिसेनात. पूर्वी निदान अक्षरांचा उजेड पडायचा, एवढं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग मी पाट्या पांढऱ्या करायचं ठरवलं. पण किती वेळाच्या? मूळ पाटी वाचणाऱ्याच्या हिशेबाने ठेवलेली असते. इथे वाचणारं कुणी नव्हतं. म्हणून मी परत जयगडची एसटी धरली, चाचींना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि खुणेनेच विनवलं, की एकदा, माझ्यासाठी. या वेळी रिमोट माझ्या हातात होता. चाचींनी मान वळवली की मी थांबवायची, दोघांचं बोलणं संपून नजर समोर गेली की सोडायची. मी थांबवलेलं त्यांना खटकलं नाही. हिचं काहीतरी दुकानाचं काम चाललंय, असं त्या समजल्या, आणि ते खोटंही नव्हतं. कुठे पाटी यायला हवी आणि ती किती मोठी हवी हे मी असं त्या दोघांच्या मानेवरून ठरवलं. पटाच्या शेवटी चाचांनी मला वेगळं सांगितलं, "शेवटची जरा लांब ठेव. शेवटाला सगलां सांगून होत न्हाय."

एकेक पट असा बसवायला मला बरेच दिवस लागले. हे म्हणाले, "एका म्हाताऱ्यासाठी किती खपणार आहेस?" मी म्हटलं, "दोन म्हाताऱ्यांसाठी." पण मी केलेल्या कामात मला कशाचा अभिमान असेल तर त्याचा आहे. त्या पटांच्या परदेशात निघालेल्या चांगल्या चांगल्या आवृत्त्या असतील. आमच्या जयगड आवृत्तीत पाटी आली की सगळी खोली उजळायची, आणि त्या उजेडात दोन चेहरे आणि चार हात स्वच्छ दिसायचे. मी शेवटचं बघायला गेले तेव्हा चाचींनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. आतली भांडी त्या दिवशी कुणी घासली नाहीत.

पुढे लायब्ररी बंद पडली. मोबाईलमध्येच कॅमेरा आला, तसं शूटिंगही कमी झालं. आम्ही गाळा रिकामा केला, कपाटं विकली. सारंगचाचा त्याच सुमारास एका सकाळी, अंगणात दोरी वळत बसले असताना, गेले. साजिद येऊन सगळं करून गेला. आईला बहारीनला नेतो म्हणाला, त्या गेल्या नाहीत.

नवरा गेल्यावर बाई काही महिने परक्या पुरुषासमोर येत नाही, ती इद्दत; मी बाईमाणूस, म्हणून त्या दिवसांतही मला आत जाता आलं. पांढऱ्या ओढणीत चाची लहान दिसत होत्या. आम्ही बसलो. त्यांनी मला घावणे दिले. मग काही न सांगता त्यांनी खिडकीच्या फळ्या लावल्या, दीपगृहाची सीडी घातली आणि मला चाचांच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मी संकोचून बसले.

पहिली पांढरी पाटी आली. खोली उजळली. मला काय करावं कळेना, कारण चार खुणांपलीकडे मला काही येत नव्हतं. चाचींनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि माझी मान हनुवटीला धरून आपल्याकडे वळवली. मग त्यांचे हात वर गेले. पोटावर घडा. जिना. पडलेला खिमा. पुढच्या पाटीला कुठलंसं बंदर. त्याच्या पुढच्या पाटीला आणखी काही, ते मला समजलं नाही तर त्यांनी परत करून दाखवलं. चाचांनी सांगितलेलं सगळं, ज्या पाटीला सांगितलं त्याच पाटीला, त्या मला सांगत होत्या. मी त्यांच्या हातांवरून नजर हलवली नाही.

पट संपला आणि ती शेवटची लांब पाटी आली. त्या पाटीला चाचींनी काही सांगितलं नाही. उजेडात त्यांनी पालथा पंजा हळूहळू खाली आणला. आस्ते. तो माझ्या खुर्चीच्या हातावर टेकला आणि तिथेच मिटला. आम्ही दोघी तशाच बसलो, आणि बसलो असतानाच पाटी संपली, खोलीत अंधार झाला.

त्या अंधारात, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मला चाचींचा आवाज ऐकू आला. केवढा येतोय याचा अंदाज नसलेला, मोठा आणि सपाट.

"बाय, ही शेवटची अजून जरा लांब करशील काय गो?"

दुकान नव्हतं, कॉम्प्युटर भाच्याला देऊन टाकला होता. मी त्याच्याकडे जाऊन बसले आणि ती पाटी लांब केली. माझ्या धंद्यातलं ते शेवटचं काम. त्यानंतर मी कुणाचंही काही कापलं नाही, जोडलं नाही.